विज्ञानकथा भविष्य सांगत नाही, मग करते काय?

कृत्रिम बुद्धिमत्तेची, म्हणजे एआयची, नवी बातमी आली की तिच्याखाली एक वाक्य हमखास वाचायला मिळतं: ‘हे तर सायन्स फिक्शनच खरं झालं!’ यंत्र माणसासारखं बोलू लागलं, कोणाच्या मेंदूत चिप बसवली, रॉकेट परत येऊन जमिनीवर उभं राहिलं, की पुन्हा तेच. दुसरीकडे, या यंत्रांना आवर कसा घालायचा अशी चर्चा निघाली की कोणीतरी सुचवतं, ‘असिमोव्हचे तीन नियम लावा, झालं.’ यंत्रमानवांसाठीचे हे नियमही एका विज्ञानकथेतलेच. म्हणजे विज्ञानकथा कधी न वाचलेल्यांच्याही तोंडी विज्ञानकथा आहे. पण तिच्याबद्दलची समजूत बहुतेक चित्रपटांवरून आलेली आहे. अंतराळयानं, लेझरच्या बंदुका, मोठ्या डोळ्यांचे परग्रहवासी आणि शंभर वर्षांनी काय होणार याची भाकितं, एवढाच तो साहित्यप्रकार असं धरून चालतात.

मला हा साहित्यप्रकार फार मोलाचा वाटतो. या समजुतीपायी चांगले वाचक त्याच्या वाटेलाच जात नाहीत, याचं वाईटही वाटतं. म्हणून मुळापासून बघू.

## एकच नियम बदलला तर

बुद्धिबळाचा डाव डोळ्यांसमोर आणा. पट तोच, मोहरे तेच. फक्त असं ठरवलं की आजपासून प्यादं मागेही सरकू शकेल. बदल एवढासाच, पण पाठ केलेल्या सगळ्या चाली त्या क्षणी निकामी होतात. कोणता बळी द्यायचा, कोणतं घर धरून ठेवायचं, सगळं नव्याने ठरवावं लागतं. यात रंगत आहे ती दोघेही नव्या नियमाला बांधलेले आहेत तोवरच. मध्येच एकाने ‘माझा हत्ती आता उडतो’ म्हटलं की खेळ मोडला.

विज्ञानकथा जगाच्या बाबतीत हेच करते. ओळखीच्या जगातली एखादी गोष्ट बदलायची आणि मग त्या बदलाची पाठ सोडायची नाही. समीक्षक डार्को सुविन यांनी १९७०च्या दशकात या बदललेल्या गोष्टीला ‘नोव्हम’ असं नाव दिलं. आपण तिला ‘नवी गोष्ट’ म्हणू. तिच्यावर दोन बंधनं असतात. एक, ती निसर्गाच्या नियमांत बसू शकेल असं वाचकाला वाटलं पाहिजे. वर, शाप, मंत्र इथे चालत नाहीत. दोन, तिचे परिणाम कथेतल्या माणसांना चुकवता येता कामा नयेत.

एच. जी. वेल्स यांची ‘द इन्व्हिजिबल मॅन’ ही १८९७ सालची कादंबरी घ्या. अदृश्य माणसाच्या गोष्टी जगभर पूर्वापार आहेत. टोपी घातली, अंगठी फिरवली की माणूस गायब. वेल्स यांचा ग्रिफिन मात्र प्रकाशाचा अभ्यासक आहे. काचेचा चुरा एरवी पांढरा दिसतो, पण पाण्यात टाकला की जवळजवळ दिसेनासा होतो, कारण काच आणि पाणी प्रकाशाला साधारण सारखंच वाकवतात. मग शरीराने प्रकाशाला हवेइतकंच वाकवलं तर शरीरही दिसणार नाही, असा त्याचा तर्क. इथवर झाली नवी गोष्ट. कादंबरी खरी रंगते ती यापुढे. शरीर अदृश्य झालं, पण कपडे नाही झाले. म्हणजे लपायचं तर लंडनच्या जानेवारीत उघड्या अंगाने फिरायचं. चिखलात पावलं उमटतातच. कुत्र्यांना वास लागतोच. बर्फ अंगावर साचलं तर आकार उघडा पडणार. खाल्लेलं अन्न अंगी लागेपर्यंत बाहेरून दिसत राहणार, म्हणून चारचौघांत जेवायची सोय नाही. रस्त्यात लोक येऊन आदळतात, कारण समोर कोणी आहे हे त्यांना कळतच नाही. अदृश्य झालो की कोणाला जुमानायला नको, या हिशेबाने निघालेला माणूस बघता बघता थंडीने आणि भुकेने बेजार होतो.

या साहित्यप्रकाराचं मर्म मला इथे दिसतं. चमत्कार लेखकाला मागून घेता येतो, पण एकदाच. पुढची सगळी पानं त्याचा हिशेब चुकता करण्यात जातात.

## मग पुराणातलं विमान विज्ञानकथाच नाही का?

हा प्रश्न नेहमी येतो आणि तो रास्त आहे. रामायणातलं पुष्पक विमान मनाच्या इच्छेने चालतं. ते कशावर चालतं हे कवीला सांगावंसं वाटलं नाही आणि ऐकणाऱ्यालाही विचारावंसं वाटलं नाही, कारण त्याचं दिव्यत्व हाच त्याचा अर्थ आहे. विज्ञानकथाकाराच्या हाती तेच विमान आलं तर तो पहिल्या पानापासून त्रास द्यायला लागेल. इंधन काय? असं एकच विमान आहे की कारखान्यात हवी तेवढी बनतात? शेजारच्या राजाकडे ते नसेल तर तटबंदीला काय अर्थ उरला?

यात श्रेष्ठ-कनिष्ठ काही नाही. महाकाव्याने वाचकाला दिलेला शब्द वेगळा आहे आणि विज्ञानकथेने दिलेला वेगळा. यान दिसलं की विज्ञानकथा, असंही नसतं. ‘स्टार वॉर्स’ चित्रपटांत यानांची रेलचेल आहे, पण गोष्ट राजकन्या, तलवारी आणि एका गूढ शक्तीची आहे. मी ती अद्भुतकथेत घालीन. उलट एकही यंत्र नसलेली पक्की विज्ञानकथा असू शकते. तिचं उदाहरण पुढे येईल.

## उन्हाळा नसलेल्या वर्षी लिहिलेली गोष्ट

एप्रिल १८१५मध्ये आजच्या इंडोनेशियातल्या तांबोरा ज्वालामुखीचा प्रचंड उद्रेक झाला. त्याने वातावरणात इतकं काही मिसळलं की पुढच्या वर्षी युरोपात उन्हाळा आलाच नाही. थंडी, सततचा पाऊस, बुडालेली पिकं. १८१६च्या त्या दिवसांत जिनिव्हा सरोवराकाठी काही इंग्रज मंडळी पावसामुळे घरातच अडकली होती. त्यांच्यातल्या कवी बायरनने सुचवलं की प्रत्येकाने एकेक भुताची गोष्ट लिहावी. अठरा वर्षांच्या मेरीने तिथे सुरू केलेली गोष्ट १८१८मध्ये लेखकाच्या नावाशिवाय छापली गेली. ती मेरी शेली यांची ‘फ्रँकेन्स्टाइन’.

मेलेल्या बेडकाच्या पायाला विजेचा स्पर्श झाला की स्नायू आखडतो, हे शास्त्रज्ञ गॅल्व्हानी यांनी त्याआधीच दाखवलं होतं. त्यांचे भाचे अल्डिनी यांनी १८०३मध्ये लंडनला फाशी दिलेल्या एका कैद्याच्या प्रेतावर हा प्रयोग करून दाखवला. जीव म्हणजे काय, हा प्रश्न धर्मपीठावरून प्रयोगशाळेत येऊ लागला होता. मेरी शेली यांनी तो एका विद्यार्थ्याच्या हाती दिला. व्हिक्टर फ्रँकेन्स्टाइन हे त्या विद्यार्थ्याचं नाव; त्याने घडवलेल्या जिवाला नावच नाही. हा जीव जन्माला येताच व्हिक्टर घाबरून पळून जातो. टाकून दिलेला तो जीव एका गरीब कुटुंबाच्या भिंतीतल्या फटीतून त्यांचं बोलणं ऐकत भाषा शिकतो, त्यांच्यासाठी चोरून लाकडं आणून ठेवतो, आणि एक दिवस समोर गेल्यावर मार खातो. पुढचा संहार त्यातून घडतो. प्रयोग फसला म्हणून अनर्थ झाला, असं ही कादंबरी म्हणत नाही. प्रयोग यशस्वी झाला आणि करणाऱ्याने त्याची जबाबदारी घेतली नाही, म्हणून झाला. आज एआय घडवणाऱ्यांना विचारला जाणारा प्रश्न याहून वेगळा नाही.

चंद्रावरच्या सफरीची गोष्ट ग्रीक भाषेत लिहिणाऱ्या लुशियनने दुसऱ्या शतकातच लिहिली होती, त्यामुळे पहिला मान कोणाचा यावर वाद चालू राहील. पण माणसाने ज्ञानाच्या बळावर काही घडवायचं आणि मग त्याच्या परिणामांना तोंड द्यायचं, ही मांडणी ठामपणे सुरू होते ती मेरी शेलींपासून, असं बरेच अभ्यासक मानतात आणि मलाही ते पटतं.

पुढचा पल्ला भरभर. १८६५मध्ये ज्यूल व्हर्न यांनी चंद्राकडे तोफेतून माणसं पाठवली. १८९५मध्ये वेल्स यांचं कालयंत्र आलं. पुढच्याच वर्षी जगदीशचंद्र बोस यांनी बंगालीत एक कथा लिहिली. तिच्यात समुद्रात ओतलेल्या केशतेलाने वादळ शमतं. पाण्यावर तेलाचा थर पसरला की लाटा दबतात, हे त्यामागचं विज्ञान. १९०५मध्ये बेगम रुकैया यांची ‘सुलतानाज ड्रीम’ ही इंग्रजी कथा मद्रासच्या ‘द इंडियन लेडीज मॅगझिन’मध्ये आली. १९२६मध्ये अमेरिकेत ह्यूगो गर्न्सबॅक यांनी फक्त विज्ञानकथांना वाहिलेलं ‘अमेझिंग स्टोरीज’ मासिक काढलं आणि या लेखनाला स्वतःचं घर मिळालं. मराठीत १९७४मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत ‘कृष्णविवर’ या कथेला पहिलं बक्षीस मिळालं. लेखकाचं नाव होतं नारायण विनायक जगताप. हे जयंत नारळीकर यांनी आपली आद्याक्षरं उलटी करून घेतलेलं टोपणनाव होतं.

## पण भाकितं खरी ठरली त्यांचं काय?

व्हर्न यांची तोफ फ्लोरिडात होती, प्रवासी तीन होते, आणि उत्तरार्धात ते पॅसिफिक महासागरात उतरतात. १९६९चं अपोलो ११ फ्लोरिडातूनच सुटलं, अंतराळवीर तिघेच होते आणि उतरले पॅसिफिकमध्येच. हे साम्य सगळे सांगतात. तोफेचं मात्र कोणी सांगत नाही. पावणेतीनशे मीटर लांबीच्या नळीत सेकंदाला अकरा किलोमीटरचा वेग गाठायचा तर आतल्या माणसांवर पृथ्वीच्या ओढीच्या वीस हजार पटींहून अधिक दाब येईल आणि निघतानाच त्यांचा चेंदामेंदा होईल. हजारो कथांतून नेम लागलेल्या चारदोन निवडायच्या आणि त्यांना द्रष्टेपण म्हणायचं, हे बरोबर नाही. गेल्या शतकाच्या मध्यावरच्या कितीतरी कथांत माणसं ग्रहांवर पोचलेली आहेत आणि तिथे गणित करायला खिशातून सरकपट्टी, म्हणजे आकडेमोडीची सरकती पट्टी (स्लाइड रूल), काढतात. खिशातला संगणक बहुतेकांच्या ध्यानीमनी नव्हता.

मग कथा आणि शास्त्र यांचं काहीच नातं नाही का? आहे, आणि भाकितापेक्षा ते खोल आहे. वेल्स यांनी १९१४च्या एका कादंबरीत ‘अणुबॉम्ब’ वापरले. ते दिवसेंदिवस फुटत राहतात, म्हणजे तपशील साफ चुकला. पण लिओ झिलार्ड या भौतिकशास्त्रज्ञाने ती कादंबरी १९३२मध्ये वाचली. दुसऱ्या वर्षी लंडनमध्ये त्याला अणूंच्या साखळी अभिक्रियेची कल्पना सुचली. एका अणूतून सुटलेल्या न्यूट्रॉनने पुढचे अणू फोडत जायचं, ही ती कल्पना. १९३४मध्ये त्याने तिचं पेटंट नोंदवलं आणि पुढे ते गुप्त राहावं म्हणून ब्रिटिश नौदलाच्या हवाली केलं. ही काळजी लक्षात घ्या. बॉम्ब कसा करायचा हे कादंबरीने त्याला शिकवलं नव्हतं. तो झाला तर जगाचं काय होईल, हे मात्र त्याने आधीच वाचलेलं होतं.

## ‘तीन नियम लावा’ म्हणणाऱ्यांसाठी

आयझॅक असिमोव्ह यांचे यंत्रमानवांसाठीचे तीन नियम एकत्र, शब्दबद्ध होऊन पहिल्यांदा आले ते मार्च १९४२मध्ये छापलेल्या ‘रनअराउंड’ या कथेत. पहिला: यंत्रमानवाने माणसाला इजा करायची नाही, आणि हात बांधून बसून ती होऊही द्यायची नाही. दुसरा: पहिला नियम मोडत नसेल तर माणसाची आज्ञा पाळायची. तिसरा: पहिले दोन मोडत नसतील तर स्वतःला जपायचं. वाचल्यावर वाटतं, प्रश्न सुटला.

आता कथा बघा. बुध ग्रहावर दोन माणसं एक बंद पडलेलं खाणकेंद्र पुन्हा सुरू करायला आली आहेत. तिथल्या उन्हापासून वाचवणारी यंत्रणा चालायला सेलेनियम हवं. ते आणायला त्यांनी स्पीडी नावाच्या यंत्रमानवाला पाठवलंय आणि पाच तास झाले तरी तो परतलेला नाही. शोध घेतल्यावर दिसतं, तो सेलेनियमच्या डबक्याभोवती गोल गोल फिरतोय आणि झिंगल्यासारखी गाणी म्हणतोय. बिघाड काहीच नाही. स्पीडी महागडा, म्हणून बनवणाऱ्यांनी त्याचा स्वतःला जपण्याचा नियम जरा कडक केलेला. हुकूम देताना माणूस सहज बोलून गेला, ‘जा, घेऊन ये’. जीव टांगणीला लागलाय हे सांगितलंच नाही, म्हणून आज्ञेचा नियम सौम्य. डबक्याजवळ यंत्राला धोका आहे. जवळ जावं तर तिसरा नियम मागे ढकलतो, मागे यावं तर दुसरा पुढे ओढतो. दोन्ही जिथे समसमान होतात त्या अंतरावर तो फिरत राहतो. शेवटी एक माणूस मुद्दाम उन्हात, मरणाच्या दारात जाऊन उभा राहतो. तेव्हा पहिला नियम जागा होतो आणि स्पीडी भानावर येतो.

नियम मांडले त्याच कथेत लेखकाने त्यांची अडचण दाखवली, आणि त्यानंतरच्या यंत्रमानवांच्या कथाही बहुतेक याच अडचणींवर उभ्या आहेत. ‘इजा’ म्हणजे काय? मनाला लागलेली इजा धरायची का? हुकूम अर्धवट असेल तर? एआयकडून आपल्याला नेमकं काय हवंय ते शब्दांत पकडताना आज अभ्यासकांची जी दमछाक होते, तिचं स्वरूप ऐंशी वर्षांपूर्वीच्या या कथेतून शाळकरी मुलालाही कळेल. म्हणून ‘तीन नियम लावा’ म्हणणाऱ्याला माझी कळकळीची विनंती असते, की ती कथा आधी वाचा.

## विज्ञान चुकीचं निघालं तर कथा बाद?

ग्रिफिनकडे परत जाऊ. डोळ्याच्या आतला पडदा प्रकाश शोषून घेतो म्हणून आपल्याला दिसतं. डोळा पूर्ण पारदर्शक झाला तर प्रकाश आरपार निघून जाईल. म्हणजे खरा अदृश्य माणूस ठार आंधळा असेल! एवढ्याने वेल्स यांची कादंबरी कोसळते का? माझ्या मते नाही. नवी गोष्ट पटण्याजोगी आहे आणि बाकी हिशेब चोख आहे, एवढं पुरतं.

काही लेखक मात्र विज्ञानाच्या अचूकतेवर विशेष भर देतात. त्या लेखनाला ‘हार्ड’ विज्ञानकथा म्हणतात. समाज, भाषा, मन यांच्याकडे वळणाऱ्या लेखनाला ‘सॉफ्ट’. नावं बाजारात रुळली आहेत, पण त्यांवरून दर्जा ठरवू नये. मला न चालणारी गोष्ट एकच: अडचण आली की ऐनवेळी नवीन किरण, नवीन यंत्र काढून सुटका करून घेणं.

## यात माणसं असतात का?

हा आक्षेप मला सगळ्यात गंभीर वाटतो, कारण तो पुष्कळदा खरा आहे. कित्येक विज्ञानकथांतली पात्रं शोध समजावून सांगण्यापुरतीच बोलतात. कल्पना दमदार आणि माणसं कागदी, अशा कथांचे ढीग आहेत. पण कोणताही साहित्यप्रकार त्याच्यातल्या चांगल्या लेखनावरून जोखायचा असतो.

अर्सुला ले ग्विन यांची ‘द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस’ १९६९ची. एका गोठलेल्या ग्रहावरची माणसं महिन्यातले बहुतेक दिवस ना पुरुष ना स्त्री; काही दिवसांपुरतं कोणीही काहीही होऊ शकतं. जो आज कोणाचा बाप आहे तो उद्या कोणाची आई असू शकतो. तिथे पृथ्वीवरून एक पुरुष दूत म्हणून येतो आणि समोरच्याला ‘तो’ समजायचं की ‘ती’, इथेच अडतो. त्याची चिडचिड, संशय, अपुरेपण वाचताना कळतं की आपण माणूस बघण्याआधी किती गोष्टी गृहीत धरलेल्या असतात. विज्ञानकथा भाकीत करत नाही, ती आजचंच वर्णन करते, असं ले ग्विन यांनी याच कादंबरीच्या नंतरच्या प्रस्तावनेत मांडलं.

यंत्राशिवायच्या विज्ञानकथेचं उदाहरण द्यायचं राहिलं होतं. नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’मध्ये इतिहासाचे एक प्राध्यापक अपघातानंतर अशा जगात जाऊन पडतात, जिथे १७६१ला पानिपतावर विश्वासरावांना लागलेली गोळी चुकते आणि मराठे जिंकतात. बदल केवळ काही अंगुळांचा. पण त्या जगात इंग्रजांकडे मुंबईच तेवढी उरली आहे, तीही भाडेपट्ट्यावर, आणि तो पट्टा २००१ला संपायचा आहे! पंत ग्रंथालयात बसून त्या जगाचा इतिहास वाचत जातात आणि स्वतःच्या पायांवर उभा राहिलेला हा देश आपल्या ओळखीच्या देशाशी ताडून बघतात. पानिपतचा सल मनात असलेल्या वाचकाला ती पानं चटका लावतात. इथे विज्ञान येतं ते शेवटी, अशी दोन जगं एकाच वेळी असू शकतील का या चर्चेतून.

## विज्ञान येत नसेल तरी वाचता येईल?

येईल. लागणारं विज्ञान लेखकाने कथेत पुरवलेलं असतं. सवय करून घ्यायची ती वेगळीच. पहिल्या दोन-तीन पानांत अनोळखी शब्द, अनोळखी रीती येतात. तिथे थांबून अर्थ शोधत बसू नका. वापरावरून त्या उलगडत जातात, आणि ते जग हळूहळू हाती लागण्यातच अर्धा आनंद आहे. मग स्वतःशी विचारा: इथे बदललेली गोष्ट कोणती? तिचा फायदा कोणाला होतोय, आणि झळ कोणाला बसतेय?

सुरुवात कादंबरीपेक्षा कथेने करावी. मी ‘सुलतानाज ड्रीम’ हाती देईन. तिच्यात पुरुष घरात पडद्याआड आहेत आणि कारभार बायका बघतात. विद्यापीठं त्यांची, सूर्याची उष्णता साठवून त्यावर स्वयंपाक त्यांचा, ढगांतून पाणी उतरवणारा फुगाही त्यांचाच. शत्रूचं सैन्य परतवलं जातं तेही एकवटलेल्या सूर्यप्रकाशाने. मुलींच्या शिक्षणासाठी पुढे शाळा चालवणाऱ्या बाईंनी पंचविशीत लिहिलेली ही कथा स्वामित्वहक्कातून केव्हाच मोकळी झाली आहे, इंटरनेटवर मोफत मिळते आणि एका बैठकीत वाचून होते.